आहे तेच घर नीट करू या

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. या दोन कामांत भल्याभल्यांचे हिशेब चुकतात, असा तिचा अर्थ. आपल्या व्यापारी आणि कारागीर वर्गात तर ही दोन्ही कामे बहुधा एकाच वेळी निघतात. मुलीचे लग्न ठरले की घराकडे लक्ष जाते. पाहुणे काय म्हणतील, या धास्तीने चांगली शहाबादी फरशी उखडली जाते, भिंतींना टाइल्स लागतात, छताखाली पीओपीची नक्षी होते. लग्न आठ दिवसांत पार पडते आणि त्यानंतर दोन वर्षे घाऊक व्यापाऱ्याचा माणूस वसुलीसाठी दुकानाच्या पायरीवर येत राहतो.

हा पैसा येतो कोठून, याचा विचार होणे अगत्याचे आहे. बहुतेक वेळा तो दुकानातल्या मालातून काढलेला असतो. कापडाच्या एखाद्या लहान दुकानाचा हिशेब घ्या. एक लाखाचा माल वर्षात चार वेळा फिरत असेल आणि प्रत्येक फेरीत शेकडा दहा सुटत असतील, तर तो एक लाख वर्षाला चाळीस हजार मिळवून देतो. तोच एक लाख फरशीत गेला की त्याची फेरी थांबते. पुढच्या हंगामात माल कमी, माल कमी म्हणून गिऱ्हाईक कमी, आणि गिऱ्हाईक कमी म्हणून उधारी जास्त, असे हे चक्र उलटे फिरू लागते. मागावर, शिलाईच्या यंत्रावर किंवा सुतारकामावर पोट असलेल्या माणसाची गोष्टही वेगळी नाही. यंत्र दुरुस्तीचा पैसा घराच्या रंगात गेला की रंगवलेल्या घरात बसून बिघडलेले यंत्र पाहायची पाळी येते.

कोणी म्हणेल, मग कर्ज काढावे. व्याजाचा प्रश्न आपल्या बहुतेक वाचकांच्या दृष्टीने आधीच निकालात निघालेला आहे. पण निव्वळ व्यापारी हिशेबानेही ते आकडे पाहावेत. दहा लाखांचे कर्ज द. सा. द. शे. ९ दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे नऊ हजारांचा हप्ता पडतो आणि वीस वर्षांत सुमारे २१ लाख ६० हजार रुपये भरावे लागतात. ज्याचा पगार एक तारखेला ठरलेला आहे त्याची गोष्ट निराळी. आपली मिळकत हंगामावर चालते. ईदच्या आधी हात भरलेला असतो आणि श्रावण-भाद्रपदात रिकामा. हप्ता मात्र हंगाम ओळखत नाही.

तेव्हा या लेखाचा मुद्दा थोडक्यात असा की, भांडवलाला हात न लावता, आहे तेच घर थोड्या पैशांत आणि योग्य क्रमाने सुधारता येते. त्यासाठी आधी ते घर नीट पाहावे लागते.

घराचा ताळेबंद

वर्षातून एकदा आपण दुकानातला माल मोजतो. कोणता माल चालतो, कोणता पडून आहे, कशाला कसर लागली, हे वहीत लिहितो. घराचा असा हिशेब मात्र कोणी करीत नाही. घराबद्दल आपले मत ठरलेले असते आणि ते बहुधा शेजाऱ्याच्या नव्या फ्लॅटकडे पाहून ठरलेले असते. दुरून डोंगर साजरे दिसतात. त्या फ्लॅटमध्ये पाचव्या मजल्यावर पाणी चढत नाही आणि देखभालीचा खर्च दर महिन्याला द्यावा लागतो, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही.

म्हणून एखाद्या सुटीच्या दिवशी घरातील सर्वांनी मिळून वही घ्यावी आणि जमा-नावे असे दोन रकाने करावेत. जमेच्या बाजूला काय येते ते आधी पाहू. कोकणातल्या आपल्या घरांना चिऱ्याच्या जाड भिंती आहेत, वर मंगळुरी कौले आहेत. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि तेथून ही कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. एक कौल फुटले तर एकच बदलता येते, ही सोय स्लॅबला नाही. मालेगाव, भिवंडीसारख्या गावांतल्या जुन्या घरांना उंच छत आहे, भिंतींत कोनाडे आहेत, पुढे ओटा आहे, मागे अंगण आहे. उंच छतामुळे गरम हवा वर राहते. कोनाडा म्हणजे बिनखर्चाचे कपाट. ओट्यावर गिऱ्हाईक बसते, म्हातारी माणसे बसतात आणि मुले अभ्यासही करतात. जुन्या सागवानी दाराची जोडी आज करायला गेलो तर सुताराने सांगितलेला आकडा ऐकून माणूस गप्प बसेल. तेच दार आपण 'जुनाट दिसते' म्हणून भंगारवाल्याला देतो आणि त्याच्या जागी पावसात फुगणारे प्लायवुडचे दार आणतो.

शिवाय काही जमा अशी असते की ती भिंतीत दिसत नाही. दुकान चालत जाण्याच्या अंतरावर आहे, मुलांची शाळा जवळ आहे, मशीद जवळ आहे, अडीअडचणीला हाक मारली तर चार माणसे धावून येतात, या सर्वांना किंमत आहे. शहराबाहेर स्वस्तात मोठे घर घेणारा माणूस रोजचे दोन तास आणि रिक्षाचे भाडे कोणत्या खात्यात लिहितो?

मग नावेच्या बाजूला गळती, ओल, अंधार, धूर, उकाडा, उघड्या तारा आणि जागेची टंचाई लिहावी. बहुतेक घरांत ही यादी मनात होती त्यापेक्षा लहान निघते. घरोघरी मातीच्या चुली असतात, हे एकदा पटले की आपल्या चुलीची लाज वाटेनाशी होते आणि तिचा धूर कसा काढावा, याकडे लक्ष लागते.

जे सहन करू नये

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आहे त्यात समाधान मानावे, ही शिकवण चांगली आहे. परंतु कनाअतीच्या नावाखाली धोका सहन करणे ही निष्काळजी आहे. भेंडी बाजारात ३१ ऑगस्ट २०१७ रोजी शंभरहून अधिक वर्षांची जुनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे दगावली. ती इमारत तर दहा वर्षांचीही नव्हती. त्यानंतर महिनाभरात, २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत तीन मजली इमारत झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि तीसहून अधिक जीव गेले. तिन्ही घटना पावसाळ्याच्या उत्तरार्धातल्या आहेत. महिने-दोन महिने पाणी पिऊन भिंती जड झालेल्या असतात, हे ध्यानात ठेवावे.

घर बोलत नसले तरी खुणा दाखवते. भिंतीला तिरपी चीर पडून ती रुंद होत जाणे, कालपर्यंत नीट लागणारे दार आज अचानक अडकणे, छताचे पोपडे पडून आतली गंजलेली सळई दिसणे, खांबाला उभी भेग जाणे, या त्या खुणा होत. सळई गंजली की फुगते आणि भोवतीचे सिमेंट ढकलून फोडते. त्यावर नुसते प्लास्टर मारून रंग देणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे आहे. सैल भाग काढून, गंज घासून, योग्य द्रव्य लावून मगच भर घालावी लागते. मामला खांबाचा किंवा तुळईचा असेल तर गवंड्यावर न सोपवता इंजिनिअरला दाखवावे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी, असा महापालिकांचा नियमच आहे. तपासणीची नोटीस आली की ती घर खाली करवण्याची चाल आहे, असे समजून फाडून टाकण्याची सवय आपल्याकडे आहे. संशयाला कधी कधी कारणही असते. पण मग आपल्या विश्वासाचा दुसरा इंजिनिअर आणून तपासणी करावी. तपासणीच न होणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

आणखी एक खोड आपल्या व्यापारी बांधवांनी सोडली पाहिजे. तळमजल्यावर दुकान वाढवायचे म्हणून मधली भिंत काढली जाते, खांब तासला जातो. ती भिंत वरच्या तीन बिऱ्हाडांचे ओझे पेलत असते. दहा फूट जास्तीच्या जागेसाठी वरच्या माणसांचा जीव टांगणीला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

विजेचे तसेच. जुन्या एका बोर्डवर इस्त्री, शिलाईचे यंत्र, मिक्सर आणि मोबाईल असा सारा भार असतो. तार गरम होते, वास येतो आणि आपण दुर्लक्ष करतो. जेथे कापड, रुई, कातडे किंवा लाकडाचा भुसा आहे तेथे एक ठिणगी पुरेशी आहे. घरात पहिला पैसा खर्च करायचा तर तो अर्थिंग नीट करण्यावर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवण्यावर करावा. माणसाच्या अंगातून वीज जमिनीकडे वाहू लागताच हे यंत्र क्षणात प्रवाह तोडते. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून स्वयंपाकघरात खालच्या बाजूलाही हवेला वाट असावी आणि मालाचे गठ्ठे तेथे रचू नयेत.

ओल : रंगाआधी कारण शोधावे

घराचा सर्वाधिक पैसा कशात वाया जात असेल तर ओल्या भिंतीला रंग देण्यात. दोन वर्षांनी पोपडे, पुन्हा रंग, पुन्हा पोपडे. ओल कोठून येते हे आधी ठरवावे. छतातून, नळाच्या फुटक्या पाइपातून, बाहेरच्या भिंतीच्या चिरेतून, जमिनीतून वर चढून किंवा घरातल्याच वाफेतून ती येते. शेवटचा प्रकार ओळखण्याची एक सोपी रीत आहे. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला धरले तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला धरले तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे, म्हणजे तेथे खिडकी उघडण्याची गरज आहे, रंगाची नाही.

गच्चीवरची गळती बहुतेक वेळा मधून नसते. गच्ची आणि कठड्याची भिंत जेथे मिळतात त्या सांध्यातून किंवा पाणी जाण्याच्या तोंडाशी ती असते. तेथे गोलाई देऊन सांधा भरला, पन्हळ साफ ठेवली आणि उतार नीट केला तर पुष्कळशी गळती थांबते. संपूर्ण कोबा नव्याने घालण्याचा खर्च करण्यापूर्वी एवढे करून पाहावे. हे काम मृगाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये झाले पाहिजे. पाऊस सुरू झाल्यावर बोलावलेला गवंडी दुप्पट मजुरी घेतो आणि ओल्यावर केलेले काम टिकत नाही.

जुन्या माती-चुन्याच्या भिंतींविषयी विशेष सांगायचे आहे. त्यांना सिमेंटचे प्लास्टर आणि वर प्लास्टिक रंग दिला की आतली ओल बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो आणि भिंत आतून कुजते. अशा भिंतीला चुनाच मानवतो. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक घालून दोन-तीन हात द्यावेत. खर्च थोडा आणि काम घरच्या माणसांना जमण्यासारखे. मात्र चुना भिजवताना तो उकळतो, डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाण्याचा धोका असतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे.

रंगकाम रमजानच्या आधी काढण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती चांगली आहे. परंतु चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत असल्याने रमजान सर्व ऋतूंतून फिरतो. २०१३ ते २०१६ या काळात तो जून-जुलैच्या आसपास आला होता. तेव्हा ऐन पावसाच्या तोंडावर रंगवलेल्या कितीतरी भिंतींचा रंग वर्षभरातच सुटला. रमजान पावसाळ्याजवळ असेल तेव्हा सणाला घर झाडून-धुऊन घ्यावे आणि रंग हिवाळ्यात द्यावा. भिंत पंचांग पाहत नाही, हवा पाहते.

उकाडा, उजेड आणि विजेचे बिल

पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना मे महिना काय असतो हे सांगण्याची गरज नाही. छपराला बाहेरून पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर खालची खोली काही अंशांनी थंड राहते. हा केवळ आजीबाईचा उपाय नव्हे. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्म्याविरुद्ध कृती आराखडा तयार केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगण राज्याने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. पत्रा जुन्या सिमेंटचा, म्हणजे अॅस्बेस्टॉसचा असेल तर तो कापू, घासू किंवा फोडू नये. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. तो पत्रा अखंड राहू द्यावा आणि वरून रंग द्यावा.

वाऱ्याला आत येण्याची वाट असेल पण बाहेर जाण्याची नसेल तर वारा आत येत नाही. म्हणून एक मोठी खिडकी असण्यापेक्षा समोरासमोर दोन लहान झरोके बरे. एक्झॉस्ट पंखा बसवणे शक्य नसेल तर वरच्या बाजूला चार विटा काढून जाळी बसवली तरी धूर निघतो. अर्थात ती भिंत ओझे पेलणारी नसावी, किंवा गवंड्याला विचारून काढावी. अंधाऱ्या खोलीत पत्र्यांमध्ये एक पारदर्शक पत्रा बसवला की दिवसा दिवा लावावा लागत नाही.

विजेचा हिशेब व्यापाऱ्याला समजेल असा आहे. साठ वॉटचा जुना दिवा रोज सहा तास जळला तर महिन्याला जवळजवळ ११ युनिट होतात. तेवढाच उजेड देणारा नऊ वॉटचा एलईडी दोन युनिटही घेत नाही. साधा पंखा ७५ वॉटचा असतो. बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट. नव्या बीएलडीसी पद्धतीचा ३० वॉटचा पंखा तेवढ्याच वेळात ११ युनिटच्या आत भागवतो. कारखान्यात किंवा घरात चार पंखे बारा-बारा तास फिरत असतील तर हा फरक महिन्याला साठ युनिटांच्या वर जातो. आपल्या बिलातला दर पाहून प्रत्येकाने गुणाकार करावा. किती महिन्यांत पंख्याची किंमत सुटते ते कागदावर दिसेल. ठिबकणाऱ्या नळाचेही तसेच. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे चारेक लिटर पाणी जाते. जेथे पाणी एक दिवसाआड येते तेथे ते चार लिटर कोणाच्या तरी वजूला पुरले असते. दुरुस्ती फक्त एका वॉशरची आहे.

घर हाच कारखाना

आपल्या समाजातील हजारो घरे ही घरेही आहेत आणि कारखानेही. जरीकाम, शिलाई, बटणे लावणे, चपलांचे वरचे भाग शिवणे, विड्या वळणे, पापड-शेवया, ही कामे घरातच होतात आणि बहुतांशी स्त्रिया करतात. त्यांना बसायला जागा कोठे मिळते? दारापाशी, चुलीशेजारी, पलंगाच्या कडेला. उजेड मिळतो तो पुरुष माणसे घरात नसताना. पाहुण्यांच्या खोलीला झुंबर येते आणि जिच्या हाताच्या टाक्यावर घर चालते ती चाळिशीच्या आत चष्म्याला लागते.

घर सुधारायचे असेल तर सुरुवात या जागेपासून व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्या बाईच्या डाव्या बाजूने उजेड यावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. वाकवता येईल अशा दांडीवरचा एक एलईडी दिवा तयार मालाचा दर्जा सुधारतो. टाका चुकला की माल परत येतो आणि मजुरी कापली जाते, याचा हिशेब केला तर त्या दिव्याची किंमत काहीच नाही. पाठीला टेकू देणारी फळी, माल धुळीपासून वेगळा ठेवणारी पेटी, दिवसाचे काम संपल्यावर गुंडाळून ठेवता येईल असा अड्डा, या गोष्टी कोणत्याही मोहल्ल्यातला सुतार करून देईल. यातला प्रत्येक रुपया मिळकत वाढवणारा असल्याने तो घरखर्चात न धरता धंद्यात धरावा.

भाड्याच्या घरातील बंधूंसाठी

'घर आपले नाही, खर्च कशाला?' असे म्हणून भाडेकरू वर्षानुवर्षे गळतीखाली बादली ठेवतात. त्यांनी कायदा माहीत करून घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे घर राहण्यायोग्य ठेवण्याची दुरुस्ती घरमालकाने करायची असते. भाडेकरूने लेखी नोटीस दिल्यावर पंधरा दिवसांत त्याने ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त असता कामा नये. नोटिशीची प्रत आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट. मालकाच्या लेखी परवानगीवाचून कायमचे बांधकाम केल्यास जागा खाली करण्याचा दावा होऊ शकतो, हे खरे. पण लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी खिडकी, धुराडे यांसारख्या कामांना तोच कायदा कायमचे बांधकाम मानत नाही. जेथे महापालिकेची परवानगी लागते तेथे ती घ्यावी. तरीही मालकाला आधी सांगून, शक्यतो लिहून घेऊन काम करणे शहाणपणाचे, कारण कोर्टातला हक्कही वकिलाच्या फीशिवाय मिळत नाही. आणि पंखा, दिवे, सुटे कपाट, पडदे, पाण्याची टाकी ही घर सोडताना बरोबर नेता येतात. भाड्याच्या घरात त्यांच्यावरच भर द्यावा.

पैसा कसा उभारावा

क्रम ठरलेला असावा. प्रथम जिवाचा धोका, मग पाणी आणि ओल, मग हवा-उजेड, मग कामाची जागा, मग सामान ठेवण्याची सोय, आणि सर्वांत शेवटी शोभा. यादीतले वरचे काम पूर्ण झाल्याखेरीज खालच्याला हात लावू नये. विक्रीचा गल्ला मोजताना रोज ठरावीक रक्कम घरासाठी वेगळी काढावी, मग ती पन्नास रुपये का असेना. रोजचे पन्नास म्हणजे वर्षाचे अठरा हजार. एवढ्यात अर्थिंग, आरसीसीबी, गच्चीचे सांधे आणि चुना यांतली निम्मी-अधिक कामे सहज निघतात. मोहल्ल्यात बीसी चालते तीतला एक नंबर एप्रिलसाठी मागून घ्यावा, म्हणजे पैसा नेमका पावसाच्या आधी हातात येतो.

आपल्याजवळ आणखी एक भांडवल आहे, ज्याची आपण कधी मोजदाद केली नाही. ते म्हणजे आपले हात. गवंडी, सुतार, रंगारी, प्लंबर, वायरमन, वेल्डर, फॅब्रिकेटर हे सर्व आपल्याच मोहल्ल्यात राहतात. शहरातले बंगले तेच उभे करतात आणि त्यांचीच घरे गळतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वायरमनने गवंड्याच्या घरी एक दिवस काम करावे, गवंड्याने वायरमनच्या घरी. सुताराने शिंप्याला फळ्या बसवून द्याव्यात, शिंप्याने त्याच्या मुलांचे ईदचे कपडे शिवावेत. आठवड्यातल्या सुटीच्या एका दिवसाची अशी अदलाबदल वहीत लिहून केली, तर मजुरीचा खर्च वाचतो आणि फक्त सामानाचा पैसा लागतो. कारागीर संघटनांनी आणि मोहल्ला समित्यांनी हे मनावर घ्यावे. विधवा आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरांचे काम त्यात आधी धरावे.

सामानातही शहाणपण आहे. भारतात स्थायिक झालेले इंग्रज वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात हजारो माणसांना कमी खर्चाची घरे बांधून दिली. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. जुन्या पाडलेल्या घरांची दारे-खिडक्या ते आनंदाने पुन्हा वापरीत. विटा कडेवर उभ्या ठेवून मध्ये पोकळी सोडणारी भिंत ते रचीत, तीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे ऊन आत कमी येते. एखादी खोली वाढवायची असेल तर आपल्या गवंडी बांधवांनी ही रीत शिकून घ्यावी. पुढे तीच त्यांच्या धंद्यातही कामी येईल.

लोक काय म्हणतील?

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. घर चांगले दिसले नाही तर सोयरीक जुळत नाही, व्यापारी उधार देताना घर पाहतो, असे म्हणतात. यात थोडे तथ्य आहे. पण चुना दिलेल्या भिंती, धुतलेला ओटा, तेल लावलेले जुने सागवानी दार आणि पाय ठेवायला कोरडी जमीन एवढ्याने घर पाहण्यासारखे होते. बाजारातली पत तर शेवटी एकाच गोष्टीवर टिकते, ती म्हणजे कबूल केलेल्या तारखेला पैसे चुकते करणे. घाऊक व्यापारी आपल्या घरची फरशी एकदा पाहतो, आपली तारीख दर महिन्याला पाहतो. आणि जी सोयरीक फरशी पाहून जुळते ती उद्या दुसऱ्याची अधिक गुळगुळीत फरशी पाहून कुरकुर करू लागेल, हे मुलीच्या बापाने आधीच समजून घ्यावे.

तेव्हा या रविवारी वही काढावी. जमेचा रकाना आधी भरावा, कारण तो भरल्यावर नावेच्या रकान्याची भीती कमी होते. मग त्यातले सर्वांत धोक्याचे एक काम निवडून त्याची तारीख ठरवावी आणि मिस्त्रीला निरोप धाडावा. भांडवल दुकानात फिरत राहिले, तर तेच घराला एकेक वीट आणि एकेक खिडकी देत राहील.